ठिपके आणि कात्री

गुरुवार, ता. ११ सप्टेंबर १९९७. दुपारचे पावणेतीन. तासगावातल्या द्राक्ष उत्पादक संघाच्या माडीवर, संगणकाच्या पडद्यावर चारशे बारा ठिपके होते आणि त्यांपैकी एक नुकताच तांबडा झाला होता.

नाथाजी पिसाळांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. ठिपका तांबडाच होता. त्याच्याखाली नाव होते: हरणाबाई.

मागे खुर्चीत बसलेले संघाचे अध्यक्ष आप्पासो लगबगीने पुढे आले. त्यांनी पडद्यावर बोट टेकवले.

"घावलं! साहेब, घावलं बघा. दोन महिनं आमी बांधाबांधानं हिंडतोय, आणि तुमच्या मशीननं एका दुपारात नाव काढलं."

"आप्पासो, बोट काढा. काच मळते," नाथाजी म्हणाले. खरे तर काचेचे त्यांना काही नव्हते. ते बोट त्या नावावरून दूर व्हावे, एवढेच त्यांना वाटत होते.

त्या पावसाळ्यात तालुक्यातल्या चौतीस बागांवर जिवाणूचा करपा पडला होता. पानांवर काळे कोनदार ठिपके, कोवळ्या फुटीवर भेगा, आणि मग ओलांडा, म्हणजे वेलीची तारेवरची आडवी फांदीच, वाळून जायचा. फवारण्यांना तो दाद देत नव्हता. हा रोग एका बागेतून दुसऱ्या बागेत काडीवाटे जातो, असे कृषी अधिकाऱ्यांनी सांगितले होते. तेव्हा संघाने जुलैच्या बैठकीत ठराव केला: काड्या जिथून पसरल्या ती मूळ बाग शोधायची आणि ऑक्टोबरच्या छाटणीआधी ती उपटून जाळायची. छाटणी झाली की नव्या काड्या निघतात, गावोगाव जातात. मग रोग कुणाच्या हाती राहत नाही. मूळ शोधण्याचे काम नाथाजींकडे आले होते.

नाथाजी तंत्रनिकेतनातून विजेची पदविका घेऊन कोयनानगरला लागले आणि सारी नोकरी तिथेच झाली. वीजवाहिन्यांतला बिघाड हुडकणे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते सांगलीला राहायला आले आणि तिथल्या एका क्लासात नातवाच्या वयाच्या मुलांशेजारी बाकावर बसून सी प्लस प्लस शिकले. संघाने निर्यातीच्या कागदांसाठी संगणक घेतला तेव्हा तो चालवायला माणूस मिळेना. नाथाजी रोज सकाळच्या एसटीने सांगलीहून येऊ लागले.

त्यांच्याआधी संघाकडे तक्ता होता. नाव, गट क्रमांक, क्षेत्र, वाण, लागणीचे साल, अशी पाच घरे. पण बागा त्या घरांत बसायला तयार नसत. एकाच मंडपाखाली दोन भावांच्या वेली असत. जमीन सासऱ्याच्या नावावर, विहीर चुलत्याच्या, आणि राबणारी तिसरीच कुणी. तक्ता भरणारा कारकून जे घरात बसत नाही ते सोडून देई. नाथाजींना ते खपत नव्हते. जे सोडून दिले जाते तिथेच बिघाड दडून बसतो, हा त्यांचा उभ्या नोकरीचा अनुभव होता.

म्हणून त्यांनी घरेच पुसून टाकली. प्रत्येक गोष्टीला एक ठिपका द्यायचा. मग ती बाग असो, माणूस असो की विहीर. ठिपक्याविषयी जे कळेल ते त्याच्यावर लिहून ठेवायचे. काय लिहावे, किती लिहावे याला बंधन नाही. एका ठिपक्याचा दुसऱ्याशी संबंध असेल तर मध्ये दोरा ओढायचा आणि दोऱ्याला नाव द्यायचे. या मोकळ्या पसाऱ्यावर वरून साचे ठेवायचे. साचा म्हणजे व्याख्या. ज्या ठिपक्याला क्षेत्र आणि वाण आहे, त्याला यंत्राने 'बाग' समजावे. ज्याच्याकडून आठांपेक्षा जास्त ठिकाणी काडीचे दोरे गेले आहेत, त्याला 'रोपवाटिका' समजावे. साचा बदलला तरी खालची माहिती जागची हलत नाही. एकच ठिपका आज एका साच्यातून पाहावा, उद्या दुसऱ्यातून. ही सोय नाथाजींना फार आवडत असे. तक्त्यासारखी ही रचना माणसाला कापूनछाटून आत कोंबत नाही, असे ते अभिमानाने सांगत.

आणि त्या दुपारी त्यांच्याच साच्याने हरणाबाईंना रोपवाटिका ठरवले होते. त्यांच्याकडून एकोणीस दोरे बाहेर गेले होते, आणि त्या एकोणीसपैकी अकरा बागा करपलेल्या होत्या. दुसऱ्या कुणाचेही एवढे दोरे नव्हते.

"सोमवारी अकराला बैठक. तवा हे छापून आणा," आप्पासो जिन्याकडे जाता जाता म्हणाले. "बाई चांगली हाय. वाईट वाटतंय. पण मशीन कुनाचं ऐकत न्हाई, काय?"

"आप्पासो, मशीन माझं ऐकतं," नाथाजी म्हणाले. "आठाचा आकडा मी घातलाय. मी वीस घातला असता तर या बाईंचं नाव आलंच नसतं."

आप्पासो हसले. "साहेब, तुमी लय इमानदार. पण आकडा बदलू नगा आता. नाव आल्यावर आकडा बदलला तर लोकं काय म्हन्तील?"

एवढे बोलून ते उतरून गेले. त्यांचे म्हणणे चूक नव्हते, हेच नाथाजींना टोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते हरणाबाईंच्या मळ्यात गेले. सावळजच्या एसटीतून फाट्यावर उतरून ओढ्याच्या कडेने चालत जावे लागे. हरणाबाईंचे यजमान सुभेदार होते. पेन्शनीत येऊन त्यांनी अडीच एकर बाग लावली आणि पहिला माल निघायच्या आधी ते वारले. गेली बारा वर्षे बाग हरणाबाईच करत होत्या.

त्या मंडपाखाली बसून तारा ताणत होत्या. नाथाजींना पाहून उठल्या नाहीत.

"या. बसा त्या पोत्यावर. आप्पासोचा निरोप कालच आला. उपटायची म्हनं माझी बाग."

"अजून ठरलेलं नाही, हरणाबाई."

"ठरलं न्हाई तर निरोप कशाला धाडला त्येनं? आवं, मी काड्या वाटल्या, व्हय, वाटल्या. भावाच्या पोरीला दिल्या, जावंच्या भावाला दिल्या, वाटंनं जानाऱ्यानं मागितल्या त्येलाबी दिल्या. एक पै घेतली न्हाई. छाटनी झाल्यावर त्या काड्या जाळायच्या, त्यापरीस कुनाच्या रानात जगल्या तर काय बिघडलं? आनि तुमी मला रोपवाटिकावाली केलंसा! माझ्या दारात पाटी हाय का? वळीनं पिशव्या मांडल्यात का मी?"

साच्याला पाटी दिसत नाही, पिशव्या दिसत नाहीत. त्याला दोरे तेवढे दिसतात. रोपे विकणारा धंदेवाईक आणि ओंजळीने वाटणारी बाई यांच्यात फरक करायला त्यांनी यंत्राला सांगितलेच नव्हते. हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केले, पण तोंडाने म्हणाले, "बाग दाखवता का?"

"बघा की. शेवटचीच बघून घ्या."

त्या पुढे चालल्या. रस्त्याच्या अंगाच्या ओळी वाईट होत्या. पहिल्या ओळीच्या टोकाच्या वेलीचा ओलांडा पार काळा पडला होता. दुसरी वेल जरा कमी, तिसरी त्याहून कमी. ओळीच्या मध्यावर गेल्यावर दोनचार पानेच काय ती करपलेली. पुढची ओळही तशीच: टोकाला जास्त, पुढे कमी कमी. नाथाजी थबकले. रंगात बुडवलेला कुंचला भिंतीवर ओढत न्यावा आणि तो हळूहळू कोरडा होत जावा, तसे ते दिसत होते.

"तुम्ही काड्या कुठल्या वेलींच्या देता?"

"विहिरीकडच्या. त्यांनी सोता लावलेल्या जुन्या वेली हायत त्या. त्यास्नी मी कुनाला हात लावू देत न्हाई. मीच छाटते."

विहिरीकडच्या चार ओळी स्वच्छ होत्या. नाथाजींनी एकेक पान उलटून पाहिले. एकही डाग नव्हता. म्हणजे ज्या वेलींच्या काड्या एकोणीस ठिकाणी गेल्या, त्याच वेली निरोगी होत्या. रोग या बागेतून बाहेर गेला नव्हता. तो रस्त्याच्या बाजूने, कशाच्या तरी टोकावर बसून बागेत आला होता.

"बाकीच्या ओळी कुणी छाटल्या?"

"केरूच्या टोळीनं. संघानंच धाडली की गेल्या साली. लय नामी टोळी म्हनून आप्पासोनं सोता सांगितलं हुतं. का वो?"

"पाहतो," नाथाजी म्हणाले. हरणाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितले आणि पहिल्यांदाच आवाज उतरवून विचारले, "वाचंल का वो?"

शनिवारी सकाळी त्यांनी यंत्र सुरू केले. पाहणीला गेलेल्या पर्यवेक्षकांना त्यांनी एकच सूचना दिली होती: शेतकरी जे सांगेल ते लिहून आणा, गाळू नका. त्यामुळे छाटणीविषयी ज्याला जे सुचले ते ठिपक्यांवर पडले होते. एका बागेवर 'टोळी: केरू', दुसरीवर 'छाटणी कुणी: कोरेगावकडची माणसं', तिसरीवर 'केरू व पारूबाई येऊन गेले', चौथीवर नुसतेच 'संघाची टोळी'. चार तऱ्हेने लिहिलेली एकच गोष्ट. केरूच्या टोळीला ठिपका मात्र नव्हता, कारण तिच्याविषयी कुणी विचारलेच नव्हते.

नाथाजींनी नवा साचा लिहायला घेतला. या चारांपैकी कोणतेही एक लिखाण ज्या बागेवर आढळेल, तिथून एक दोरा नव्या ठिपक्याकडे ओढावा. खालच्या माहितीला धक्का न लावता ती वेगळ्या नजरेने वाचायला लावायची होती. दुपारपर्यंत साचा तयार झाला. त्यांनी कळ दाबली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

चौतीस करपलेल्या बागांपैकी एकतीस एका ठिपक्याला जोडल्या गेल्या. छाटणीच्या तारखा लावून पाहिल्या तर बागा एकामागून एक अशा करपल्या होत्या, जशी टोळी चालत गेली होती. एक बाग करपली, की दोन दिवसांनी शेजारची. उरलेल्या तिन्हींचा मेळ लागला नाही.

हरणाबाई सुटल्या होत्या. नाथाजींना हायसे वाटले, पण ते घटकाभरच. ठिपक्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांची बोटे अडखळली. 'टोळी' असे नाव दिले की तो ठिपका माणसांचा होणार. आणि केरूची टोळी कुठल्या वस्तीतली आहे, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होते.

ते उठले आणि वस्तीवर गेले. समाजमंदिराची भिंत नुकतीच निळ्या रंगाने रंगवली होती. केरू दारात बसून मुलीच्या सायकलची साखळी बसवत होता. वीस वर्षांपूर्वी तो कोरेगावहून इकडे आला, आधी मंडप उभारायला आणि मग छाटणीला. त्याची बायको पारूबाई टोळीतल्या बायकांचे काम बघायची.

"जय भीम, साहेब," केरू उठून म्हणाला. "बसा. छाटनीला अजून अवकाश हाय."

नाथाजी बसले आणि त्यांनी सरळ विचारले, "केरू, गेल्या छाटणीला तुमच्याकडे कात्र्या कुठल्या होत्या?"

"संघाच्या. लाल मुठीच्या, बाहेरच्या देशातल्या. आप्पासोनं समारंभ करून दिल्या, फोटूबी काढला. छाटनी झाल्यावर संघात जमा केल्या. का, कमी भरल्या काय?"

"कमी नाही भरल्या. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना त्या कशात धूत होता?"

"धुवायच्या?" केरूने पारूबाईकडे पाहिले. "धार लावत हुतो. तेल देत हुतो. धुवायचं कुनी सांगितलंच न्हाई."

पारूबाई आतली चूल सोडून बाहेर आल्या. "सांगा की साहेब सरळ. आमचं नाव घातलंसा व्हय मशीनीत?"

"नाव नाही घातलं. एकतीस बागांचे दोरे एका ठिपक्याला जुळलेत, एवढंच झालंय."

"आनि तो ठिपका कोन?"

नाथाजींनी सायकलच्या साखळीकडे पाहिले.

"आमी," पारूबाई म्हणाल्या. "मग पुढं काय हुतंय ते मी सांगते तुमास्नी. रोग कात्रीनं गेला असं कुनी म्हननार न्हाई. ह्यांचा हात लागला आनि बाग गेली, असं म्हन्तील. माझ्या सासूच्या येळंला पान्याबद्दल म्हनत हुते, आता द्राक्षाबद्दल म्हन्तील."

"पारू, साहेब भला मानूस हाय," केरू म्हणाला.

"मी कुठं वाईट म्हनते? भला हाय म्हनून तर सांगते."

मग केरूने साखळीचे काळे हात फडक्याला पुसले आणि विचारले, "साहेब, त्या मशीनीत मी काय म्हनून हाय? मंजी, बागवाला बागवाला म्हनून असंल. मी काय म्हनून?"

"अजून काहीच म्हणून नाहीस. तुला साचा दिलेला नाही."

"मग ऱ्हावू द्या तसंच," केरू म्हणाला. "लय बरं हाय ते."

परतताना नाथाजींनी निर्णय घेतला. ठिपका टोळीचा नव्हे, कात्रीचा करायचा. तेच खरेही होते. रोग माणसांच्या अंगातून गेला नव्हता, पोलादाच्या पात्यावरून गेला होता. रविवारी त्यांनी साचा पुन्हा लिहिला. ठिपक्याचे नाव 'कात्री'. कात्रीपासून दोन दोरे निघत होते: 'मालक', तो संघाकडे जात होता, आणि 'वापर', तो केरूकडे. दुसरा दोरा काढून टाकावा असे त्यांच्या मनात एकदा नव्हे, अनेकदा आले. पण सोयीचे नाही म्हणून माहिती गाळणे म्हणजे त्या जुन्या कारकुनाच्या पंगतीला बसणे. त्यांनी दोरा राहू दिला, मात्र छपाईत 'मालक' एवढाच घेतला. आपण सत्य आणि सावधगिरी या दोन्हींचा मेळ घातला, असे त्यांना वाटले.

सोमवारी अकराला बैठक भरली. हरणाबाई बाहेरच्या बाकावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. आत आप्पासो, शेजारी बेदाण्याचे व्यापारी भाऊसो, आणि आणखी सातजण संचालक.

नाथाजींनी शांतपणे सारे मांडले. विहिरीकडच्या निरोगी वेली, ओळींच्या टोकाचा काळा ओलांडा, तारखांचा क्रम. संचालकांनी माना डोलावल्या. हरणाबाईंच्या काड्यांमुळे रोग पसरला नाही, हे सगळ्यांना पटले.

"मग मूळ काय?" आप्पासोंनी विचारले.

"कात्री. न धुतलेली कात्री."

"कात्री चालत आली काय रं बागंत?" भाऊसो म्हणाले आणि दोनतीनजण हसले. "साहेब, मशीन काय म्हन्तंय ते सांगा. कात्री कुनाची?"

"छापलंय त्यात. कात्रीचा मालक संघ."

हसणे थांबले. कागद हातोहात फिरला. आप्पासोंनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली, आणि टेबलावर ठेवला.

"मंजी आमीच आमची बाग उपटायची म्हना की," भाऊसो म्हणाले.

"कुणीच कुणाची बाग उपटायची नाही," नाथाजी म्हणाले. "कात्र्या औषधात बुडवून वापरायच्या. प्रत्येक वेलीनंतर जमलं तर उत्तम, निदान प्रत्येक बागेनंतर. औषध संघानं आणायचं आणि ते देण्याचं काम एका माणसाला नेमून द्यायचं. एवढं केलं की रोग थांबेल."

"ते करू," आप्पासो म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि तो तसा झाला की नाथाजी सावध होत. "पर साहेब, चौतीस बागवाले खाली उभे ऱ्हातील उद्या. त्यास्नी मी सांगू, की संघानं तुमच्या बागा जाळल्या? एक नाव पायजे. हरनाबाईचं नको म्हन्ता, बरं, नको. मग दुसरं द्या. दुसरं नसंल, तर जुलैचा ठराव हाय तसा हाय. उद्या ट्रॅक्टर जाईल तिच्या रानात."

"हे बरोबर नाही, आप्पासो. तुम्हाला कळतंय की तिची बाग मूळ नाही."

"मला कळतंय. चौतीस मान्सांस्नी कसं कळंल? कात्री कुनाच्या हातात हुती, तेवढंच सांगा. त्येबी तुमच्या मशीनीत असनार. तुमी काय गाळत न्हाई, तुमीच सांगितलंय."

उघड्या दारातून हरणाबाईंचा पदर दिसत होता. नाथाजींना आयुष्यात पहिल्यांदा वाटले, की आपण एखादी गोष्ट गाळायला शिकायला हवे होते. केरूचे नाव इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. समारंभ करून कात्र्या त्यांनीच दिल्या होत्या. नाव त्यांना नव्याने कळायला नको होते. नाव यंत्राच्या तोंडून यायला हवे होते.

"सांगतो," ते म्हणाले, "पण ठरावात दोन गोष्टी लिहायच्या. टोळीचा यात दोष नाही, त्यांना धुण्याविषयी कुणी सांगितलं नव्हतं. आणि कात्र्या औषधात बुडवणं सक्तीचं."

"लिवा की," आप्पासो चिटणिसांना म्हणाले. "साहेब म्हन्तील तसं लिवा."

संगणक शेजारच्याच खोलीत होता. सगळे उठून त्याच्याभोवती उभे राहिले. नाथाजींनी कळ दाबली. कात्रीपासून दुसरा दोरा निघाला आणि पडद्याच्या कडेला जाऊन थांबला. त्या टोकाच्या ठिपक्याला अजून साचा नव्हता, त्यामुळे त्याचा रंग पांढरा होता. खाली अक्षरे उमटली: केरू.

"बघा," भाऊसो म्हणाले. "हात लागला तिथं तिथं बाग गेली. मी आधीच म्हनत हुतो."

"हात नव्हे, भाऊसो. कात्री," नाथाजी म्हणाले.

"त्येच की वो."

बाहेर हरणाबाईंना कुणीतरी सांगितले, आणि त्या बाकावरून उठून थेट आत आल्या. त्यांनी नाथाजींना हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्या हसतही होत्या. नाथाजींना त्यांच्याकडे बघवले नाही. त्यांनी यंत्र बंद केले आणि आतला पंखा थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.

ठराव दोन दिवसांनी टंकलिखित होऊन आला. हरणाबाईंची बाग उपटण्याचे रद्द झाले होते. केरूच्या टोळीला संघाच्या सभासदांनी काम देऊ नये, असे पहिल्या कलमात होते. दोष नसल्याचे वाक्य त्यात नव्हते. कात्र्या शक्यतो स्वच्छ करून वापराव्यात, असे शेवटी एका ओळीत होते. औषध कुणी आणायचे हे त्यात नव्हते. नाथाजी कागद घेऊन आप्पासोंकडे गेले. आप्पासोंनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "साहेब, सगळंच ठरावात लिवायचं नसतंय. तोंडी सांगू."

मग नाथाजी स्वतः सांगलीहून औषधाचा एक कॅन घेऊन आले आणि गोदामात ठेवला. गोदामवाल्याने तो कुणाच्या खात्यात टाकायचा ते विचारले. नाथाजी म्हणाले, कुणाच्याच नको, फक्त कात्र्यांबरोबर द्या. गोदामवाला म्हणाला, बरं.

ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली. लाल मुठीच्या कात्र्या वाया जाऊ नयेत म्हणून संघाने त्या तीन नव्या टोळ्यांत वाटल्या. त्या टोळ्या वाळव्याकडच्या होत्या आणि त्यांच्याविषयी कुणाचीच तक्रार नव्हती. केरू आणि पारूबाई त्या महिन्यात कोरेगावला परत गेले. जाण्याआधी ते संघात आले नाहीत आणि नाथाजींनाही वस्तीवर जाण्याचा धीर झाला नाही. हरणाबाईंनी आपल्या सगळ्या ओळी त्या साली स्वतःच छाटल्या. कॅन डिसेंबरात नाथाजींना गोदामाच्या कोपऱ्यात दिसला. त्याचे सील फोडलेले नव्हते.

पुढच्या ऑगस्टमध्ये संघाने पुन्हा पाहणी केली. नाथाजींनी सारी माहिती यंत्रात भरली, साचे न बदलता. हरणाबाईंची बाग हिरवी होती. केरूच्या ठिपक्याला त्या साली एकही नवा दोरा लागला नव्हता.

तालुक्यातल्या करपलेल्या बागा: एकसष्ट.